स्टीफन दुबळा राजा होता की दयाळू?

सांजवारा :
इंग्लंडच्या स्टीफनचं (1135 ते 1154) नाव निघालं की 'दुबळा राजा' एवढंच ऐकू येतं. मला ते पटत नाही, म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. पहिल्या हेन्रीचा एकुलता औरस मुलगा 1120 मध्ये 'व्हाइट शिप' बुडाली त्यात गेला. उरली मुलगी मटिल्डा. 1127 मध्ये हेन्रीने सरदारांना तिच्या नावाने शपथ घ्यायला लावली, त्यांत त्याचा भाचा स्टीफनही होता. 1 डिसेंबर 1135ला हेन्री वारला आणि 22 डिसेंबरला वेस्टमिन्स्टरमध्ये राज्याभिषेक झाला तो स्टीफनचा. मग मटिल्डाशी वर्षानुवर्षं लढाई.

आता 1152चा न्यूबरीचा वेढा बघा. स्टीफनने वेढलेला किल्ला मटिल्डाच्या बाजूच्या जॉन मार्शलचा. त्याने मुदत मागितली आणि पाच-सहा वर्षांचा मुलगा विल्यम ओलीस ठेवला. मुदत मिळताच त्याने किल्ल्यात माणसं आणि रसद भरली. पोराला फाशी देऊ म्हटल्यावर बाप म्हणाला, याहून चांगली पोरं घडवायला हातोडा आणि ऐरण माझ्याकडे आहेत! पोराला फासाकडे नेत होते, तर ते एका सरदाराचा भाला खेळायला मागू लागलं. स्टीफनने त्याला उचलून परत आणलं. पुढे एकदा राजाच्या तंबूत दोघांचा खेळ रंगला. रानरोपाची बोंडं असलेली दांडी एकाने धरायची, दुसऱ्याने हाणायची. राजाचं बोंड तुटलं. हाच विल्यम 1216 मध्ये बालराजा तिसऱ्या हेन्रीच्या वतीने इंग्लंडचा कारभार बघू लागला.

शत्रूच्या पोराला जीव लावणाऱ्याला दुबळा का म्हणायचं?

खडीसाखर :
गोष्ट गोड आहे, पण ती विल्यमच्या मृत्यूनंतर त्याच्या घरच्यांनी करवून घेतलेल्या चरित्रकाव्यातली आहे. त्यांच्या घराण्याची ही लाडकी आठवण. शिवाय याच राजाने 1138 मध्ये श्रूसबरीचा किल्ला घेतल्यावर आतल्या 90हून अधिक लोकांना फासावर चढवलं होतं. त्यांच्यात कुणाचा बाप नव्हता का?

निवडुंग :
मला दयेचं प्रकरण दुय्यम वाटतं. मूळ प्रश्न शपथेचा. मटिल्डा आधी जर्मन सम्राटाची पत्नी होती, दरबार कसा चालतो हे तिने लहान वयापासून पाहिलं होतं. तिचा हक्क सगळ्यांनी देवासमोर मान्य केला होता. वडील गेले तेव्हा ती फ्रान्समध्ये, गरोदर होती. तेवढ्यात स्टीफनने खाडी ओलांडून लंडन गाठलं आणि विंचेस्टरचा बिशप असलेल्या भावाच्या मदतीने खजिनाही हाती घेतला. 'हेन्रीने मरताना विचार बदलला' असं एका सरदाराने शपथेवर सांगितलं म्हणे. एक शपथ मोडायला दुसरी शपथ! 1141 मध्ये स्टीफन लिंकनच्या लढाईत पकडला गेला तेव्हा गादी तिची व्हायला हवी होती. तिने खंडणी मागितली म्हणून लंडनकरांनी तिला हाकललं आणि आजही 'गर्विष्ठ बाई' हाच शिक्का. पुरुषाने तशीच खंडणी मागितली असती तर 'कणखर' म्हटलं असतं.

सांजवारा :
@निवडुंग, शपथ मोडली हे मान्य, त्याचा बचाव मी करणार नाही. पण लिंकनला काय झालं तेही सांगा. बाकीचे पळाले तरी तो तलवार तुटेपर्यंत, मग कुऱ्हाड घेऊन लढत राहिला. आणि 1139 मध्ये मटिल्डा अरंडेलला उतरली तेव्हा ती त्याच्या तावडीत होती. त्याने तिला सोबत देऊन ब्रिस्टलला जाऊ दिलं.

खडीसाखर :
तेच तर म्हणतोय! ब्रिस्टलला जाऊ दिलं आणि पुढे नऊ वर्षं ती इंग्लंडमध्ये पाय रोवून बसली. जेफ्री द मँडव्हिल या सरदाराचंही तेच. 1143 मध्ये त्याला अटक केली, किल्ले काढून घेतले आणि मोकळं सोडलं. त्याने रॅमसीचा मठ बळकावून तिथून दलदलीचा सगळा मुलूख लुटला. जवळच्याच पीटरबरोच्या मठातल्या बखरकाराने लिहून ठेवलंय की लोकांना पायाने उलटं टांगून खालून धूर करत, गाठी मारलेल्या दोऱ्या डोक्याभोवती आवळत, साप-बेडकांच्या कोठडीत टाकत. कशासाठी, तर पैसा कुठे लपवलाय ते सांगावं म्हणून. दिवसभर चाललं तरी वस्तीचं गाव लागत नसे. आणि कारणही तोच देतो : राजा मऊ आणि भला आहे, शिक्षा करत नाही, हे दगाबाजांनी ओळखलं. त्या भलेपणाची किंमत राजाने नाही, शेतकऱ्याने मोजली. मला त्या उलट्या टांगलेल्या माणसाचं नाव माहीत नाही, विल्यम मार्शलचं मात्र सगळ्यांना माहीत आहे.

पाणपोई :
खडीसाखरशी बव्हंशी सहमत. पण पीटरबरो त्या मुलखाच्या अगदी कडेला आहे, तिथलं चित्र अख्ख्या इंग्लंडला लावू नका.

सांजवारा :
@खडीसाखर, मँडव्हिलवर माझ्याकडे उत्तर नाही. त्याला सोडायला नको होतं. श्रूसबरी मी सोयीने विसरले, तेही कबूल.

तरी शेवटचं वर्ष बघा. 1152 मध्ये मुलगा युस्टेसला आपल्या हयातीतच मुकुट घालावा म्हणून त्याने बिशपांना कोंडून ठेवलं होतं. ऑगस्ट 1153 मध्ये युस्टेस गेला. त्यानंतरच्या तहात स्टीफनने मटिल्डाच्या मुलाला, हेन्रीला, वारस मानलं. त्याचा दुसरा मुलगा विल्यम तेव्हा जिवंत होता. त्याला जमिनी मिळाल्या, गादी नाही.

निवडुंग :
म्हणजे 1127ची शपथ त्याने 1153 मध्ये पाळली. मटिल्डा तेव्हा नॉर्मंडीत होती, जिवंत होती. मुकुट तिला तरीही नाहीच मिळाला.