ईएसएक्सआय ७.० ला पॅच मारायचाय, होस्ट एकच आहे, मदत हवी आहे

बेळगावात उद्यमबागेत एका मशीन शॉपचा सर्व्हर (तोच होस्ट) बघतो मी, त्यावर ईएसएक्सआय ७.० यू३ (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारी व्हीएमवेअरची सिस्टिम), वर तीन व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन, त्यातला टॅलीचा बंद पडला की बिलिंगच थांबतं. मार्च २०२५ मधला सीव्हीई-२०२५-२२२२४ हा सुरक्षेतला दोष अजून तसाच आहे, एका व्हीएममध्ये ॲडमिन मिळाला की होस्टपर्यंत पोचता येतं आणि वर्कअराउंड (पॅच न मारता तात्पुरता उपाय) नाही, म्हणून लई काळजी लागलीय.

पॅचचं ऑफलाइन बंडल (झिप फाइल) होस्टच्या डेटास्टोअरवर म्हणजे स्टोरेजवर टाकलंय, ड्राय-रनला (काही न बदलता केलेल्या चाचणीला) एरर नाही, रीबूट लागेल म्हणतोय. बॅकअप बाहेरच्या डिस्कवर आहे. दुसरा होस्ट नाही, व्हीसेंटर (होस्ट सांभाळायचं सॉफ्टवेअर) नाही. रविवारी दोनच तास मिळणार, त्यात लाइट गेली तर यूपीएस वीस मिनिटं.

होस्ट उठलाच नाही तर बूट होताना शिफ्ट+आर दाबून जुन्या इमेजवर (पॅचआधीच्या ईएसएक्सआयवर) येता येतं हे माहितीय, पण तसं आल्यावर व्हीएम लिस्टमध्ये आपोआप दिसतात की परत रजिस्टर करायला लागतात? प्रत्यक्ष केलंय का कुणी?