मदत हवी आहे: खाली चामखीळ आलीय, बायको पाचव्या महिन्यात आहे (नाशिक)

नमस्कार. यासाठी नवा आयडी काढलाय, जुन्या आयडीवर नाशिकचे बरेच ओळखीचे आहेत. वय ३१, अंबडला एका कारखान्यात शिफ्ट ड्युटी, राहायला सिडकोत. लग्नाला दोन वर्षं झाली. बायकोला पाचवा महिना सुरू आहे.

दिवाळीच्या सुमारास अंघोळ करताना लिंगाच्या मुळाशी हाताला काहीतरी खरखरीत लागलं. मुगाच्या दाण्याएवढं, कातडीच्याच रंगाचं. दुखत नव्हतं, खाजत नव्हतं, म्हणून सोडून दिलं. महिन्याभरात शेजारी आणखी तीन आले आणि पहिल्याचा माथा फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा फुटला.

मग मी चूक केली. आमच्या गावी आजोबा चामखिळीला घोड्याचा केस बांधायचे. इथे केस बांधायचा धीर झाला नाही, पण मेडिकलमधून कुरुपाचं औषध आणलं, सॅलिसिलिक ॲसिडवालं, आणि रात्री लावलं. दुसऱ्याच दिवशी आजूबाजूची कातडी पांढरी पडून सोलवटली. चार दिवस पँट अंगाला लागू देववत नव्हती, तशात आठ-आठ तास मशीनवर उभा. चामखीळ होती तशीच आहे. कृपा करून हे कोणी करू नका.

गेल्या आठवड्यात एका स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी भिंगातून बघितलं, जेनायटल वॉर्ट्स म्हणाले, एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतात. इमिक्विमॉड क्रीम दिलं आणि रक्त तपासायला सांगितलं. चिठ्ठीवर 'एचआयव्ही' वाचलं आणि पुढचं काही कानात शिरलंच नाही. दार अर्धवट उघडं, बाहेर बाकावर माणसं. एकही प्रश्न न विचारता उठलो. क्रीमची पाकिटं अजून गाडीच्या डिकीत आहेत, हातमोज्यांच्या खाली.

लग्नाच्या आधी, साधारण चार वर्षांपूर्वी, माझे एका मुलीशी संबंध होते. लग्नानंतर कोणीही नाही, हे मी शपथेवर सांगतो. मग हे आत्ता कुठून उगवलं? बायकोला सांगितलं तर ती विश्वास ठेवेल का? तिलाही झालं असेल तर बाळाचं काय? रात्रपाळीत हेच डोक्यात फिरत असतं. कोणाला माहीत असेल तर स्पष्ट सांगा, वाईट असलं तरी चालेल.

त्वचावैद्य:
आधी ते कुरुपाचं औषध टाकून द्या. ते तळपायाच्या जाड कातडीसाठी असतं. सोललेली जागा पूर्ण भरेपर्यंत क्रीमही लावू नका.

एचआयव्हीची तपासणी चामखीळ दिसलेल्या प्रत्येकाला सांगतो, कारण हे आजार एकाच वाटेने येतात. तुमच्यावर संशय आहे असा त्याचा अर्थ नाही. सोबत व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिस या गुप्तरोगाची रक्ततपासणी, लिहिली असेल तर तीही कराच. सिफिलिसच्या दुसऱ्या टप्प्यात याच भागात चपटे, ओलसर उंचवटे येतात आणि त्यावर इलाज पेनिसिलिनचा, अगदी वेगळा. एरवी चामखिळीचं निदान डोळ्यांनीच होतं, शंका आली तरच तुकडा काढून तपासतात.

तुमचा खरा प्रश्न चार वर्षांचा आहे. संसर्ग झाल्यावर चामखीळ बहुतेक वेळा काही आठवड्यांत ते काही महिन्यांत दिसते, पण विषाणू वर्षानुवर्षं गप्प राहून नंतरही वर येऊ शकतो. पुष्कळांना तर कधीच काही दिसत नाही, तरी त्यांच्याकडून तो दुसऱ्याला जातो. कोणाकडून आणि कधी आला, हे कुठल्याच तपासणीत कळत नाही. तुम्हा दोघांपैकी कोणाकडेही बोट दाखवता येणार नाही, हे बायकोलाही सांगा. दहातल्या नऊ चामखिळी एचपीव्हीच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे होतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला मुख्यतः १६ आणि १८ कारणीभूत असतात.

क्रीम आठवड्यातून तीन रात्री, एक दिवस आड. सहा ते दहा तासांनी साबणाने धुवायचं. जास्तीत जास्त १६ आठवडे. थोडी लाली येईलच, जखम झाली तर थांबून डॉक्टरांना दाखवा. त्या भागात वस्तरा फिरवू नका, चामखीळ पसरते. तूर्त संबंध टाळा. कंडोमने धोका कमी होतो, पण सगळी कातडी झाकली जात नाही, शिवाय या क्रीमने कंडोमचं रबर कमजोर होतं. क्रीमने भागलं नाही तर द्रव नायट्रोजनने गोठवणं किंवा कॉटरीने जाळणं आहेच. पहिल्या तीन महिन्यांत चामखीळ परत येणं नेहमीचं आहे, घाबरून इलाज सोडू नका.

बायकोला तिच्या डॉक्टरांना दाखवा. तुमचं क्रीम तिला चुकूनही लावू नका, गरोदरपणात ते वापरत नाहीत. तिला काही दिसलंच तर डॉक्टर गोठवून काढतील. नुसत्या चामखिळीसाठी सिझर करत नाहीत, वाट अडली किंवा फार रक्त जाण्याची भीती असली तरच. बाळाच्या घशात गाठी येऊ शकतात, हे खरं, पण फार क्वचित.

लसीबद्दल कोणी विचारेलच: पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळते, ती ६, ११, १६ आणि १८ या चारही प्रकारांवर आहे. आलेली चामखीळ मात्र लसीने जात नाही. गरोदरपणात ती देत नाहीत, बाळंतपणानंतर विचारा.

पंचवटीची सून:
भाऊ, मला सातव्या महिन्यात झालं होतं. गरोदरपणात या भराभर वाढतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कॅन्सर समजून मी दोन रात्री झोपले नाही. तीन वेळा गोठवलं. चटका बसल्यासारखं होतं, मग फोड येऊन गळून पडतं. डिलिव्हरी नॉर्मल झाली. मुलगी आता बालवाडीत जाते.

बायकोला आजच सांगा. माझ्या नवऱ्याने महिनाभर लपवलं होतं. चामखीळ मी विसरले, तो महिना नाही विसरले. खर्चाची किंवा ओळखीच्या माणसांची भीती वाटत असेल तर सिव्हिलला जा. सरकारी जिल्हा रुग्णालयांत याच आजारांसाठी सुरक्षा क्लिनिक असतं आणि आयसीटीसीत, म्हणजे तिथल्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, एचआयव्हीची तपासणी फुकट होते, नाव गुप्त राहतं. आधी फोनवर बोलायचं असेल तर १०९७ ही एड्सची सरकारी हेल्पलाइन लावा.

धागाकर्ता:
दोन्ही रिपोर्ट निगेटिव्ह आले. काल रात्री बायकोला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मी मोबाईल तिच्या हातात दिला, वरचे दोन्ही प्रतिसाद तिने वाचले, ताईंचा दोनदा. मग म्हणाली, "सोमवारी माझी तपासणी आहे, तुम्ही सुट्टी टाका."

एकच विचारायचं राहिलं. १६ आठवडे म्हणजे अगदी बाळंतपणापर्यंत क्रीम सुरू राहणार. बाळाला घेताना काही पाळायचं का?

त्वचावैद्य:
क्रीम लावून झालं की हात साबणाने धुवा. बाळाला खुशाल घ्या.