झाडबेडूक, वृक्षमंडूक की उडता बेडूक?

कोयनाकाठ: परवा पाटणला मामाकडे गेले होते. न्हाणीत बादली उचलली तर मागच्या भिंतीला तपकिरी बेडूक चिकटलेला, बोटांच्या टोकांना टिकल्यांसारख्या गोल गाद्या. मामी म्हणाली, "झाडावरचं हाय ते, काय करत न्हाई." घरी येऊन लेकीच्या वहीत नाव लिहायला बसले आणि अडले. 'वृक्षमंडूक' शुद्ध, पण बोलतं कोण? 'उडता बेडूक' म्हटलं तर लेक विचारते, पंख कुठायत?

जुनी वही: तुम्ही पाहिलात तो उडता नव्हे, साधा झाडबेडूक. साहेबलोक त्याला 'चुनाम फ्रॉग' म्हणायचे, चुन्याच्या भिंतींवर बसतो म्हणून. म्हणजे आपला चुनाच, दक्षिणेकडून फिरून आलेला.
उडता निराळा. तो मलबारी: अंग हिरवंगार, बोटांमधले पडदे शेंदरी. जर्डन या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १८७० मध्ये त्याचं वर्णन केलं. कोयना-चांदोलीच्या रानात पावसाळ्यात दिसतो. वरून झेप टाकली की पडदे ताणून ९ ते १२ मीटर तिरका तरंगत उतरतो. 'उडता' म्हणायला हरकत नसावी. लाह्या कढईतून उडतात, चिखल धोतरावर उडतो, त्यांना कुठले पंख? 'उडी'ही त्याच घरातली.

शिराळ्याची सून: उडण्याचं मिटलं, पण त्याच्या अंड्यांच्या फेसाला काय म्हणायचं? आमच्याकडे तळ्यावर वाकलेल्या फांदीला एकदा पांढरा गोळा बघितला, रवीला चिकटलेल्या लोण्यासारखा. मादी अंगातून चिकट पाणी सोडते आणि मागच्या पायांनी ते घुसळते. अंडी त्या फेसात सुरक्षित राहतात. बेडूकमासे तयार झाले की थेट खाली पाण्यात टपकतात, म्हणून तर फांदी पाण्यावरचीच निवडायची! पुस्तकात 'फेसाचं घरटं' लिहितात. मला ते पटत नाही. पाखराचं घरटं, माशीचं पोळं, कोळ्याचं जाळं. बेडकाला स्वतःचा शब्द नको? घरात आम्ही 'फेसाचा गोळा' म्हणतो.

जुनी वही: गोळाच चांगला. घरट्यात कुणीतरी राहायला हवं, इथे आई अंडी घालून मोकळी होते.

कोयनाकाठ: वहीत 'झाडबेडूक' लिहिलं. खाली लेकीने 'झाडबेडूकाला' केलं होतं, ते खोडून 'झाडबेडकाला' करून घेतलं. आता ती दंड फुगवून विचारतेय, बेटकुळी पण बेडकाचीच का?

जुनी वही: जुन्या लोकांचं 'बेडकुळी' ऐका, उत्तर त्यातच आहे.