मदत हवी आहे: जर्मनीतल्या शाळेतून आयर्लंडला इरॅस्मस भेट, पासपोर्ट भारतीय

नमस्कार मंडळी,

मी मूळची सांगलीची. गेली नऊ वर्षं डॉर्टमुंडजवळ राहते आणि इथल्या एका शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवते. एमएस्सीची डिग्री घेऊन आडवाटेने शिक्षक झाले. इथे विज्ञानाचे शिक्षक कमी पडतात म्हणून ही वाट निघाली.

आमच्या शाळेला इरॅस्मस प्लसचं, म्हणजे युरोपियन युनियनच्या शैक्षणिक देवाणघेवाण योजनेचं, अनुदान मिळालंय. मार्चमध्ये आम्ही चौघं शिक्षक आठवडाभर कॉर्ककडच्या भागीदार शाळेत जाणार. काम म्हणजे तिथल्या वर्गात मागे बसून बघायचं, शिक्षकांशी बोलायचं, एखादा तास घ्यायचा. ह्याला जॉब शॅडोइंग म्हणतात. आम्हाला मुख्यतः त्यांचं ट्रान्झिशन इयर बघायचंय. ज्युनिअर सायकल म्हणजे माध्यमिकची पहिली तीन वर्षं, त्यानंतरचं हे वर्ष बोर्डाच्या परीक्षेविना असतं, मुलं त्यात प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेतात. आमच्याकडे नववीत दोन-तीन आठवड्यांचं प्राक्टिकुम (कामाचा अनुभव) उरकतात नि झालं. मला स्वतःला गणिताचं कुतूहल आहे. तिथे बारावीसारख्या लीव्हिंग सर्ट परीक्षेत हायर लेव्हलचं गणित पास झालं की कॉलेज प्रवेशाचे २५ गुण जास्तीचे मिळतात, २०१२ पासून. त्याने मुलं खरंच अवघड पेपर घ्यायला लागली की नुसती क्लासेसची धन झाली, हे तिथल्या शिक्षकांच्या तोंडून ऐकायचंय.

आता अडचण. बाकी तिघं जर्मन. ओळखपत्र खिशात टाकलं की निघाले. माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आणि जर्मनीचं रेसिडेन्स कार्ड. शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसाच्या देशांत, त्यावर कुठेही जाते, त्यामुळे आयर्लंड शेंगेनमध्ये नाही हे डोक्यातच आलं नाही. वर आमच्या पीटीच्या सरांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं की विमान नको, ट्रेनने जाऊ: लंडन, मग होलीहेड, तिथून बोटीने डब्लिन. ग्रीन ट्रॅव्हलला अनुदान जास्त मिळतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या! घरी आल्यावर नवरा म्हणाला, "अगं, तुला दोन व्हिसा लागतील."

कोणाला अनुभव आहे का? आणि हे को-ऑर्डिनेटरला कसं सांगू? माझ्या एकटीमुळे सगळ्यांचा बेत बदलणार ह्याचाच जास्त संकोच वाटतोय.

– कृष्णाकाठची

भटक्या: ब्रिटिश-आयरिश व्हिसा स्कीम बघा. भारतीयांना एकाच व्हिसावर दोन्ही देश करता येतात. माझ्या आईबाबांनी पुण्याहून केलं होतं.

लीकाठचा: भटक्या, ती सोय भारतात किंवा चीनमध्ये राहून तिथूनच व्हिसा काढणाऱ्यांसाठी आहे. ताई जर्मनीत राहतात, त्यांना उपयोग नाही.

मी कॉर्कमध्येच असतो, म्हणून थोडं सविस्तर. तुम्हाला आयर्लंडचा शॉर्ट स्टे 'सी' व्हिसा लागेल. जर्मन कार्डामुळे तो माफ होत नाही, पण तुम्ही जर्मनीच्या कायदेशीर रहिवासी आहात हे दाखवायला ते जोडावंच लागेल. अर्ज ऑनलाइन भरायचा, त्याचा सारांश छापून सही करायची आणि कागदपत्रांसोबत पाठवायचा. एकदाच प्रवेशाची फी ६० युरो. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. तुम्ही मार्च म्हणताय आणि आत्ता डिसेंबर अर्धा संपला, म्हणजे आजच बसा. पासपोर्ट पाठवावा लागतो, तेव्हा नाताळात भारतात जायचा विचार असेल तर आधी ते ठरवा.

सगळ्यात वजनदार कागद म्हणजे इथल्या शाळेचं निमंत्रणपत्र. तारखा, काय करणार, कुठे राहणार, सगळं त्यात यावं. तुमच्या शाळेचंही एक पत्र जोडा: ह्या आमच्या कर्मचारी, पगार चालू आहे, खर्च अनुदानातून होतोय, परत येऊन कामावर रुजू होणार.

अवांतर: १७ मार्चला सेंट पॅट्रिक्स डेची सुट्टी असते. तो आठवडा टाळा, नाहीतर रिकामे वर्ग बघून याल.

लायप्झिगची लीना: मी अशाच भेटीवर फिनलंडला जाऊन आले, पण ते शेंगेन, त्यामुळे सुटले. दोन गोष्टी सांगते. एक, व्हिसाचा खर्च स्वतःच्या खिशातून घालू नका. इरॅस्मसमध्ये 'विशेष खर्च' असा रकाना आहे आणि त्यात व्हिसा स्पष्ट लिहिलेला आहे. तो नॅशनल एजन्सीकडे, म्हणजे आपल्या देशात इरॅस्मस चालवणाऱ्या कार्यालयाकडे, मागावा लागतो, म्हणूनच को-ऑर्डिनेटरला लवकर सांगायचं. दुसरं, तुमची शाळा ए-वन नावाचं प्रमाणपत्र काढून देईल, परदेशात कामावर असताना तुमचा सामाजिक विमा जर्मनीतच आहे असा दाखला. आजारपणासाठी तुमच्या विमा कार्डाची मागची बाजू म्हणजेच युरोपियन कार्ड, ते आयर्लंडच्या सरकारी दवाखान्यात चालतं.

आणि संकोच कसला? पासपोर्ट वेगळा असणं हा काही तुमचा गुन्हा नाही. उद्या सकाळी पहिल्या मधल्या सुट्टीत सांगून टाका.

देवळालीचे निवृत्त मास्तर: व्हिसाचं मला कळत नाही. पण तुम्ही एक तास घ्यायचा म्हणता. तिथे होळी-दिवाळीचे फोटो दाखवू नका, ते सगळेच दाखवतात. आमच्या देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचा ६१७४ दाखवा. चार आकडी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाची वजा करा, परत तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतो. २०२६ घेऊन बघा, सहाव्या वजाबाकीला पोचतो. पोरं आपापला जन्मसाल घेऊन बसतात आणि तास कसा संपला कळत नाही.

कृष्णाकाठची: सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलं एकदाचं. को-ऑर्डिनेटर बाई उलट म्हणाल्या, आम्हीच विचारायला हवं होतं. विशेष खर्चाचं त्या एजन्सीला विचारताहेत. निमंत्रणपत्रासाठी कॉर्कला मेल गेला आणि दोन तासांत उत्तर आलं.

लंडन रद्द. पीटीच्या सरांनी तोंड पाडलं, मग स्वतःच नकाशा काढून बसले. आता बेत असा: डॉर्टमुंडहून पॅरिस, तिथून ट्रेनने फ्रान्सचंच बंदर शेरबुर्ग, आणि शेरबुर्गहून थेट आयर्लंडच्या रॉसलेअर बंदराची रात्रीची बोट. म्हणजे इंग्लंडच्या जमिनीला पाय लागत नाही आणि विमानही नाही. बोटीला ग्रीन ट्रॅव्हलमध्ये धरतात का, ते बाई विचारून सांगणार आहेत.

मास्तर, ६१७४ नक्की. काल नववीवर करून बघितलं, एक पोरगा ३३३३ घेऊन बसला आणि शून्य आलं म्हणून माझ्याशी भांडला.

लीकाठचा, एकच राहिलं. रॉसलेअरला उतरून कॉर्कला जायला थेट बस मिळते का, की वाटेत बदलावी लागते?

लीकाठचा: वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलतं, तारीख ठरली की कळवा, बघून सांगतो. शाकाहारी असाल तर बोटीवर चिप्सवर भिस्त ठेवू नका, घरून दशम्या घ्या.