फॅमिली ग्रुप: युरोपातले शेवटचे तीन आठवडे

दादा: पुढचं असं ठरवतोय. 18 ऑगस्टपर्यंत रोम, मग दहा दिवस पॅरिस, नंतर स्वित्झर्लंड आणि 9 सप्टेंबरला झुरिकहून विमान. 10 जूनला उतरलो, म्हणजे तीन महिन्यांच्या आत बसतंय. तिकीट आज काढू का?

ताई: थांब, काढू नकोस! शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा, नियम तीन महिन्यांचा नाही, कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांचा. उतरलेला दिवस आणि निघायचा दिवस, दोन्ही धरतात. जूनचे 21, जुलैचे 31, ऑगस्टचे 31, झाले 83. उरले 7. म्हणजे 7 सप्टेंबर शेवटचा दिवस, 9 ला दोन दिवस जास्त होतात. आणि चौघांच्याही व्हिसा स्टिकरवर ‘ड्युरेशन ऑफ स्टे’चा, म्हणजे किती दिवस राहता येईल तो, आकडा बघ, मुलांचाही. तो 90 पेक्षा कमी असेल तर तोच धरायचा, व्हिसाची मुदत पुढची असली तरी.

वहिनी: मधे चार दिवस लंडनला जाऊन आलो तर मोजणी नव्याने सुरू होईल ना?

ताई: नाही वहिनी. ते चार दिवस मोजले जात नाहीत, इतकंच. मागचे तसेच राहतात, कारण दर दिवशी मागे वळून 180 दिवस बघतात. शिवाय परत आत यायला मल्टिपल एंट्री, म्हणजे अनेकदा आत येऊ देणारा, व्हिसा लागेल.

मामा: 7 ला सुद्धा नको रे, 4 किंवा 5 चं काढ. विमान रद्द झालं तर हाताशी दिवस हवेत. अजून एक, एक्झिट नोंद शेंगेनमधल्या शेवटच्या विमानतळावर होते. पॅरिसहून 7 ला रात्री निघालास आणि फ्रँकफर्टहून पुढचं विमान 8 ला असेल, तर नोंद 8 ची. थेट विमानच बघ.

वहिनी: खरेदी रोममध्येच उरकून घेऊ का? टॅक्सचे पैसे परत मिळतात म्हणे.

मामा: मिळतात, पण तुमच्या मार्गात अडचण आहे. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, युरोपियन युनियनमध्ये नाही. रोमची किंवा पॅरिसची वस्तू घेऊन तिथे शिरलात की ती युनियनबाहेर गेली. टॅक्स परतीच्या फॉर्मवर कस्टमचा शिक्का त्या सीमेवरच घ्यायचा, आणि चालत्या रेल्वेतून सामान, पोरं घेऊन ते कठीण. झुरिकच्या विमानतळावर फ्रान्सचा फॉर्म चालत नाही. म्हणून क्रम उलटा करा: रोम, मिलानमार्गे रेल्वेने झुरिक, शेवटी पॅरिस आणि तिथूनच घरी. मोठी खरेदी पॅरिसला. एकाच दुकानात 100 युरोंच्या वर बिल हवं, पासपोर्ट दाखवून फॉर्म मागायचा.

ताई: आणि विमानतळावर बॅगा चेक-इन करायच्या आधी ‘पाब्लो’ मशीनवर फॉर्मचा बारकोड लावायचा. हिरवं आलं की झालं. लाल आलं तर कस्टमच्या खिडकीवर वस्तू दाखवावी लागते, तेव्हा ती बॅग एव्हाना पट्ट्यावर गेलेली नको. त्या वस्तू एकाच बॅगेत, वरच्या थरात, न वापरलेल्या. यासाठी तासभर जादा धरा.

दादा: बॅगा आत्ताच 25 किलोच्या पुढे गेल्यात.

ताई: मग पॅरिसला जायच्या आधीच दोन किलो कमी करा. जादा पैसे भरले तरी एका बॅगेत 32 किलोच्या वर सहसा घेत नाहीत, उचलणाऱ्यांची मर्यादा असते. छोटा डिजिटल वजनकाटा घेऊन ठेवा. पॉवरबँक केबिन बॅगेतच, 20,000 एमएएच म्हणजे साधारण 74 वॅट-तास, 100 च्या आत आहे.

वहिनी: शेवटचे आठ दिवस एकाच घरात राहू, वॉशिंग मशीनवालं. मुलं रोज बॅगा भरून कंटाळली आहेत.

मामा: उत्तम. इन्शुरन्सची शेवटची तारीखही बघा. संपायच्या आत वाढवून घ्यावा लागतो, संपल्यावर वाढवून देत नाहीत.

दादा: बरं. 18 ला रोमहून निघू, 27 पर्यंत स्वित्झर्लंड, 5 सप्टेंबरपर्यंत पॅरिस. स्टिकरचे आकडे बघून फोटो टाकतो, मगच तिकीट.