सीनियर केजीत वर्षभर मणीच ओवायचे का?

घोडबंदरची_आई
काल इथे एका बाबांनी लिहिलं, ‘मुलगी सीनियर केजीत आहे, वर्षभर मणी ओवतेय नि मातीचे गोळे करतेय, पन्नासपर्यंत आकडे लिहिता येत नाहीत, मग फी कशाची भरतोय?’ आणि त्यावर धडाधड लाईक! उत्तर लिहायला बसले ते लांबतच गेलं म्हणून वेगळा धागा. अहो, माझ्या मुलाला चौथ्या वर्षी पेन्सिल धरायला लावली होती शाळेने. इतकं दाबून लिहायचा की पान उलटं करून हात फिरवला तर अक्षरं बोटाला लागायची, मधल्या बोटाला घट्टा, आणि शर्टाचं बटण मात्र लावता येईना. शाळा बदलली. नव्या बाईंनी तीन महिने वहीच उघडली नाही, कणकेचे गोळे करा, कपड्यांचे चिमटे दोरीला लावा, कागद फाडा. दिवाळीनंतर बटणं लावायला लागला, अक्षर मागून आपोआप आलं. याला टाइमपास म्हणायचं?

ऐरोलीकर
तो बाबा मीच. टाइमपास हा शब्द माझा नाही, उगाच तोंडी घालू नका. पहिलीसाठी दुसऱ्या शाळेत गेलो तर तिथे पोरीसमोर कागद सरकवला, नाव लिही, वीसपर्यंत आकडे लिही. रडली ती. तिथे काय माळ ओवून दाखवायची होती?

कळव्याची_बालवाडीताई
तो कागद सरकवणंच बेकायदेशीर आहे दादा, २००९ च्या आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ बघा, प्रवेशासाठी मुलाची चाचणी घेताच येत नाही. २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात ३ ते ८ वर्षं हा एकच टप्पा धरलाय, म्हणजे दुसरीपर्यंत, आणि तुम्ही पाचव्या वर्षीच निकाल लावताय. मणी-मातीचं हे फॅडही नवीन नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी काढली, पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला. तेव्हा ते आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं.

नौपाड्याचे_नाना
आम्ही पाटीवर गिरवूनच शिकलो, काही बिघडलं नाही. पाचव्या वर्षी अडीचकी पाठ होती.

घोडबंदरची_आई
नाना, पाचव्या वर्षी अडीचकी? बरं बरं.

कासारवडवली_त्रस्त
मणी की आकडे हे नंतर बघा, आधी पोरांना झोपू द्या. आमची बस ६:१० ला, पोरगी पाच वर्षांची, अर्ध्या झोपेत दूध ओकते. फेब्रुवारी २०२४ चा जीआर आहे, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत. कोण पाळतंय?

बसवाला_माजिवडा
नऊची शाळा म्हणजे पोरं ऑफिसच्या गर्दीत घोडबंदरवर. तासभर बसमध्ये, उलट्या, सू लागली म्हणून रडारड, आणि हे सगळं एकटी मदतनीस बघणार. त्याच बशीला मोठ्या मुलांची फेरीही मारायची असते. नऊच करा, पण मग दुसरी बस लागेल, भाडं वाढलं की ओरडू नका.

कासारवडवली_त्रस्त
म्हणजे तुमच्या फेऱ्या बसाव्यात म्हणून पोरांनी पाचला उठायचं? शाळेचे वकील आहात का?

बसवाला_माजिवडा
वकील असतो तर चारला उठलो नसतो साहेब.

नेरूळची_आजी
भांडू नका रे. लांबच्या शाळेत घालायचं आणि मग बसच्या नावाने खडे फोडायचे. इथे सिडकोने सेक्टरासेक्टरात शाळेला प्लॉट ठेवले, पण शेजारची शाळा कुणाला चालतच नाही, बोर्ड पाहिजे ना नावाजलेला.

कासारवडवली_त्रस्त
आजी, शेजारच्या शाळेला मैदान म्हणून पार्किंग आहे. पोरं खेळणार कुठे, गाड्यांच्या बोनेटवर?

ऐरोलीकर
धागा माझ्या पोस्टवर होता ना? असो. बायकोने काल डझनभर चिमटे आणले, पोरीने सगळे माझ्या बनियनला लावले, शेवटचा कानाला. बोटांत जोर आहे, तेवढं मान्य. पण ताई, कलम १३ त्या शाळेच्या काउंटरवर दाखवलं आणि त्यांनी ‘सीट भरल्या’ म्हणून सांगितलं तर पुढे काय करू ते सांगा.

कळव्याची_बालवाडीताई
लेखी मागा. बहुतेक देणार नाहीत, पण मागा. ते नाव लिहायला लावलेलं कागदाचं चिटोरं आणलंत का घरी?

ऐरोलीकर
त्याच्यावर मुलीने मागच्या बाजूला मांजर काढलंय. फ्रिजवर आहे.