आप्पांच्या हातून बटण लागत नाही, रिपोर्टमध्ये मात्र कमरेची गादी

केळीवाला_रावेर:
आप्पांचं वय 61, अख्खी जिंदगी केळीच्या कटाईत गेली, घड डोक्यावर घेऊन ट्रकपर्यंत. सहा महिन्यांपासून सदऱ्याची बटणं लागत नाहीत, भरीत पार्टीत कळण्याची भाकरी मोडता येईना तर लोक हसले, अन चालताना चप्पल पायातून निसटते ती त्यांना कळत बी नाही, मागून कोणी आवाज दिला तर कळतं. दुखत काहीच नाही. कमरेचा एमआरआय काढला, एल4-एल5 ची, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकली म्हणे, पट्टा अन गोळ्या दिल्या, फरक शून्य. माय म्हणते "वय व्हयनं त्यासनं". गावातला एक जण मान मोडून नस मोकळी करतो, त्याच्याकडे न्यायचं चाललंय. न्यावं का?

फिजिओताई_धुळे:
दादा, मानेला हात लावू देऊ नका, आधी हे वाचा. कमरेच्या गादीने हाताची बटणं अडत नाहीत. मज्जारज्जू, म्हणजे मेंदूतून मणक्यांच्या आतून खाली येणारी नसांची जाड दोरी, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो, त्याखाली नुसत्या नसा, म्हणून एल4-एल5 ला दाब आला तर त्रास पायात, हातात नाही. हात अन पाय दोन्ही बिघडले तर आधी मानेकडे बघायचं. तिथे रज्जूवरच दाब असेल तर बोटांचं बारीक काम जातं, पाय कडक पडतात, तोल जातो, अन दुखेलच असं नाही, त्यामुळेच लोक उशिरा येतात. आप्पांना 10 सेकंदात मूठ जितक्या वेळा उघडझाप होईल तितकी करायला सांगा. धडधाकट माणूस 20 च्या पुढे जातो. मानेचा एमआरआय काढा, सोबत रक्तातलं बी12 व्हिटॅमिन अन शुगरही बघा, त्यानेही असं होतं.

चोपड्याचा_भाचा:
ऑपरेशन केलं की माणूस खाटेला लागतो भो, आमच्या गल्लीत झालंय.

फिजिओताई_धुळे:
खाटेला लागलेले बरेचसे उशिरा गेलेले असतात भाऊ. मेलेला रज्जू ऑपरेशनने परत येत नाही, आहे तेवढा वाचवायचा असतो. धोका आहेच, तो सर्जनला तोंडावर विचारा.

तापीकाठ:
थोडं वेगळं सांगतो. माझ्या वहिनीची पाठ मधोमध दुखायची, रात्री झोपेतून उठवायची, संध्याकाळी कणकण, वजन उतरत चाललेलं, सगळे म्हणे कापूस वेचून पाठ धरली. निघाला मणक्याचा टीबी, खोकला एक दिवस नव्हता. पू साचून रज्जूवर दाब आला अन पाय लुळे पडायला लागले तेव्हा कुठे आम्ही जागे झालो. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट, दीड वर्ष चालल्या, आता शेतात जाते. अन कोणाचीही लघवी अडकली किंवा बसायची जागा बधिर झाली तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री गाडी काढा.

केळीवाला_रावेर:
ताई, मूठ फक्त 9 वेळा झाली, तेही हात थरथरत. मी सहज केली तर 24. मान मोडणाऱ्याला नको सांगितलं, माय रुसलीय. उद्या जळगावला नेतोय. एकच विचारतो, आप्पांच्या मांडीत जुनी सळई आहे, कमरेचा झाला तसा मानेचा एमआरआयही चालेल का?

फिजिओताई_धुळे:
बऱ्याचदा चालतं, पण मशीनवाल्याला आधी सांगा अन त्या वेळचे कागद असतील तर सोबत न्या. आणि गाडीत मागे झोपवू नका, खड्ड्यात मान हलते, पुढे टेकून बसवा.